दुसरा चमचा

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. पितृपक्ष चालू होता. अनंत चतुर्दशीला गणपती पाण्यात गेले त्याला दोन आठवडेही झाले नव्हते, शुभकार्यं थांबली होती आणि नवरात्र अजून लागलं नव्हतं. अशा मधल्याच दिवशी दिल्लीतून बातमी निघाली की गणपती दूध पितोय.

दक्षिण दिल्लीतल्या एका देवळात पहाटे कुणीतरी चमचाभर दूध मूर्तीच्या सोंडेला लावलं आणि चमचा रिकामा झाला, इथून सुरुवात. दुपार व्हायच्या आत उत्तर भारतातल्या देवळांपुढे रांगा लागल्या, मग मुंबई-पुण्यात, मग नेपाळ, सिंगापूर, हाँगकाँग, आणि पश्चिमेकडे जसजसं उजाडत गेलं तसतसं लंडन, न्यूयॉर्क, कॅनडा. लंडनच्या साउथॉल भागात देवळाच्या आसपासच्या दुकानांतलं दूध हां हां म्हणता संपलं. दिल्लीत त्या दिवशी दुधाची विक्री नेहमीपेक्षा तीस टक्क्यांहून जास्त वाढली आणि रस्ते रात्रीपर्यंत तुंबलेले राहिले. शेअर बाजारातले व्यवहार थंडावल्याच्या बातम्या आल्या. विश्व हिंदू परिषदेने हा चमत्कारच असल्याचं जाहीर केलं. रात्र होईतो बहुतेक ठिकाणी गणपतीचं दूध पिणं थांबलं आणि शुक्रवारी देश पुन्हा कामाला लागला.

तीस वर्षं उलटून गेली तरी लग्नाच्या पंगतीत किंवा कट्ट्यावर हा विषय निघाला की सगळे पोट धरून हसतात. आणि तो दिवस होताच तसा मजेशीर. सकाळी दूध घालून गेलेल्या गवळ्याला दुपारी लोक सायकलवरून शोधत होते. चहाच्या टपऱ्यांवर कोरा चहा मिळत होता. साहेब आणि शिपाई एकाच रांगेत, एकाच आकाराची वाटी धरून उभे होते. गणपतीचं ऐकून लोकांनी नंदीला पाजून पाहिलं, शंकराला पाजलं, पार्वतीला पाजलं, देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णालाही चमचा लावला. वाड्यात एखाद्याच घरी फोन असायचा. त्या घराच्या दारात शेजारी ताटकळत उभे असायचे, कारण नाशिकच्या मावशीला, इंदूरच्या आत्याला विचारायचं होतं, “तुमच्याकडे प्यायला का?”

त्या प्रश्नात काय ताकद होती ते मी आमच्या वाड्यात पाहिलं. एका घरचा गणपती पीत नव्हता. पितळेची जुनी मूर्ती, सोंड पोटाकडे वळलेली, चमचा नीट टेकतच नव्हता आणि दूध ताम्हनात ठिबकत होतं. घरातल्या काकू सकाळपासून प्रयत्न करून रडकुंडीला आल्या होत्या. आजूबाजूच्या सगळ्या घरी पितो आणि आपल्याच घरी पीत नाही, म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं असेल, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात. संध्याकाळी शेजारच्या वहिनी आल्या, त्यांनी काकूंचा हात आपल्या हातात धरला, चमचा बाजूने सोंडेच्या टोकाला लावला आणि किंचित कलता केला. “प्यायला!” दोघी एकदमच म्हणाल्या. काकूंच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव आला तो खराच होता. त्यात लबाडी नव्हती, ढोंग नव्हतं.

म्हणूनच या दिवसावर नुसतं हसून पुढे जाणं मला पटत नाही. आपण तो ‘लोक किती भोळे’ या खात्यात टाकून मोकळे झालो आहोत, आणि ते खातंच चुकीचं आहे. लोकांनी त्या दिवशी कुणाच्या सांगण्यावर आंधळा विश्वास ठेवलाच नाही. बातमी कानावर आली तेव्हा बहुतेकांनी उठून दूध घेतलं, चमचा घेतला आणि स्वतः करून पाहिलं. ऐकीव गोष्ट स्वतःच्या हाताने पडताळणं ही विज्ञानाची पहिली पायरी आहे. कोट्यवधी माणसांनी एकाच दिवशी एकच प्रयोग केला असं या देशात त्याआधी क्वचितच घडलं असेल. तो प्रयोग अर्धा राहिला. मूर्तीला एक चमचा पाजल्यावर दुसरा चमचा शेजारच्या नळाच्या तोटीला, खलबत्त्याच्या बत्त्याला, देवघराच्या फरशीच्या कडेला लावून बघायला हवा होता. तो फार थोड्यांनी लावला.

तो लावला असता तर काय दिसलं असतं, ते आजही कुणालाही पाहता येईल. स्टीलचा चमचा दुधाने काठोकाठ भरा. दूध काठाच्या किंचित वर फुगलेलं दिसेल, तरी सांडणार नाही. पृष्ठताणामुळे त्याच्या वरच्या थरावर जणू ताणलेला पापुद्रा असतो, तो त्याला धरून ठेवतो. आता तो फुगवटा मूर्तीच्या सोंडेला टेकवा. दूध धातूला किंवा दगडाला चिकटतं, पापुद्रा तिथे फुटतो, आणि दुधाला बाहेर पडायला वाट मिळते. ते सोंडेच्या खालच्या अंगाने, मग छातीवरून, पोटावरून, अगदी पातळ थराने ओघळत पाटापर्यंत जातं. किटलीतून सावकाश चहा ओतताना तो तोटीच्या खालून ओघळून टेबलावर येतो, त्यातलाच हा प्रकार. दुधातल्या प्रथिनांमुळे आणि स्निग्धांशामुळे त्याचा पृष्ठताण पाण्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे ते पृष्ठभागावर अधिक सहज पसरतं. मूर्ती आधीच अभिषेकाने ओली असेल तर वाट तयारच असते. पांढऱ्या संगमरवरावर पांढरा थर डोळ्यांना दिसत नाही. आणि चमचा धरणारा हात, दूध कमी होताना दिसलं की, आपल्याही नकळत थोडा थोडा कलत जातो.

केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागातल्या शास्त्रज्ञांनी दिल्लीत एवढंच केलं. त्यांनी दुधात रंग मिसळला. रंगीत दूध सोंडेला लावल्यावर ते मूर्तीच्या अंगावरून खाली उतरताना सगळ्यांना दिसलं. आणि ‘आज तक’ने तर त्याहून साधी गोष्ट दाखवली. ते तेव्हा वेगळं चॅनेल नव्हतं, दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर त्याच जुलैत सुरू झालेलं छोटं बातमीपत्र होतं आणि सुरेंद्र प्रताप सिंह ते सादर करत. त्यात रस्त्याकडेला बसलेल्या एका चांभाराची चप्पल ठोकायची लोखंडी ऐरण दूध पिताना दाखवली. मला विचाराल तर भारतीय पत्रकारितेतल्या उत्तम क्षणांपैकी हा एक आहे. त्यात कुणाला मूर्ख म्हटलं नव्हतं, देवाबद्दल वावगा शब्द नव्हता, शास्त्रातला एकही अवघड शब्द नव्हता. बातमीदाराने फक्त दुसरा चमचा लावला होता.

इतर बहुतेकांनी काय केलं? गणपती दूध पितो की नाही, एवढ्यावर बातमी उभी केली. एका बाजूला भाविकाचं म्हणणं, दुसऱ्या बाजूला शास्त्रज्ञाचं म्हणणं, मधे वाचक. हा समतोल दिसायला चांगला, पण खोटा आहे. जी गोष्ट अर्ध्या मिनिटात स्वयंपाकघरात तपासता येते तिच्याबद्दल दोन बाजूंची मतं मागवून बातमीदार आपलं काम टाळतो. ‘पितो का?’ या प्रश्नाला प्रत्येक घरातून ‘हो’ असंच उत्तर येणार होतं, कारण चमचा खरोखरच रिकामा होत होता. ‘आणखी काय काय दूध पितं?’ हा प्रश्न विचारला असता तर उत्तर आपोआप बाहेर आलं असतं.

ज्यांनी त्या दिवशी भाविकांची टिंगल केली त्यांच्याबद्दलही मला बोलायचं आहे, कारण मी स्वतःला विवेकवादी मानतो आणि ती माझ्याच बाजूची माणसं आहेत. टिंगलीने काही साधलं नाही. देवाने आपल्या हातचं खावं ही ओढ आपल्या परंपरेत फार जुनी आहे. लहानगा नामदेव नैवेद्य घेऊन विठ्ठलापुढे बसला आणि देव खाईपर्यंत उठेना, ही गोष्ट इथल्या पोरापोराला आजीने सांगितलेली असते. देवाला दूध पाजणाऱ्या नामदेवाचं पद शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबातही आहे. ज्या बाईने जन्मभर नैवेद्य दाखवला आणि तो जसाच्या तसा परत उचलला, तिला एके दिवशी सांगितलं की आज देव खरंच पितोय, तर ती धावणारच. त्यात भर म्हणजे या चमत्काराला कुणी बाबा लागत नव्हता, पुजारी लागत नव्हता, दक्षिणा लागत नव्हती. आपल्या घरात, आपल्या हाताने, आपल्या देवाला. इतका हाताशी आलेला चमत्कार लोकांना आधी कधी मिळाला नव्हता. हे समजून न घेता तिला हसणारा माणूस तिच्याकडून काही ऐकून घेतलं जाण्याचा हक्क गमावतो. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तरही लोकांच्याच तोंडून काढत. त्यांची वाणी चांगलीच तिखट होती, पण समोरचा माणूस आपला आहे हे ते विसरत नसत, आणि लोक ऐकत.

“पण यात कुणाचं काय बिघडलं? एक दिवस लोक आनंदात होते, थोडं दूध सांडलं.” हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. दुधाचं म्हणाल तर मला त्याची फारशी चिंता नाही. ज्या घरात मुलासाठी म्हणून पावशेर दूध येत होतं तिथलं दूध त्या दिवशी मोरीत गेलं, ते वाईटच. पण एवढंच असतं तर मी हा लेख लिहिला नसता. चिंता आहे ती त्या दिवशी दिसलेल्या सवयीची. बातमी आली, खरी वाटली, स्वतः एकदा पाहिली किंवा कुणीतरी पाहिल्याचं ऐकलं, की लगेच पुढे दहा जणांना सांगायची. ही सवय दुधाच्या वाटीपुरती राहत नाही.

बरोबर एक वर्ष आधी, १९९४च्या सप्टेंबरात, सुरतेत प्लेगची बातमी पसरली होती. आजार होता, माणसं दगावली होती, पण त्याच्या कितीतरी पट वेगाने अफवा धावल्या. लाखो लोक मिळेल त्या गाडीने सुरत सोडून निघाले, त्यातले पुष्कळजण मुंबईकडे आले, आणि औषधांच्या दुकानांत टेट्रासायक्लिनच्या गोळ्या मिळेनाशा झाल्या. जो फोन त्या वर्षी भीती पोचवत होता त्यानेच पुढच्या वर्षी चमत्कार पोचवला. तेव्हाची साधनं किती साधी होती ते आठवून पाहा. देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ला झाला होता, सामान्य माणसासाठी इंटरनेट १५ ऑगस्टला सुरू झालं होतं, म्हणजे दोन्ही गोष्टी त्या दिवशी जेमतेम महिना-दोन महिन्यांच्या होत्या आणि मोजक्या लोकांकडे होत्या. बाकी सगळा भार पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवर. रात्री उशिरापासून पहाटेपर्यंत एसटीडीचा दर पावपट असायचा, त्यामुळे गावोगावच्या नातेवाइकांना फोन करायची तीच वेळ. एवढ्या साधनांवर एक अफवा काही तासांत जगभर गेली.

मग २००६. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी मुंबईत माहीमच्या खाडीचं पाणी गोड झाल्याची बातमी पसरली. पावसाळा जोरात होता, मिठी नदीचं पाणी खाडीत भरभरून येत होतं, खारेपणा कमी झाला होता, एवढीच गोष्ट. पण लोक बाटल्या, कॅन, पिशव्या घेऊन किनाऱ्यावर आले. ज्या नदीत अर्ध्या मुंबईची घाण जाते तिचं पाणी माणसांनी प्यायलं, लहान मुलांना पाजलं, घरी आजाऱ्यांसाठी नेलं. महापालिका आणि पोलीस पिऊ नका म्हणून ओरडून सांगत होते. त्याच आठवड्यात उत्तर भारतातल्या देवळांत मूर्ती पुन्हा दूध पिऊ लागल्या. म्हणजे अकरा वर्षांत आपण काही शिकलो नव्हतो, आणि या वेळी बातम्यांची चोवीस तासांची चॅनेलं ते थेट दाखवत होती.

आणि मग १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवारचा बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडून पोट भरण्यासाठी आलेली. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे संदेश त्या भागात कित्येक दिवस मोबाइलवर फिरत होते. त्या पाचांतला कुणीतरी एका लहान मुलीशी बोलला, आणि जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव भिक्षा मागत हिंडणारी ही माणसं, ज्यांना गावं ओळखत आली होती. दोन वर्षांनी, एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीच्या काळात पालघर जिल्ह्यात गडचिंचलेला अशाच अफवांच्या वातावरणात दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मेले.

गणपतीच्या दुधाचा दिवस आणि राईनपाडा यांना मी एका दोरीत ओवतो आहे असा राग काहींना येईल. भक्तीने चमचा पुढे करणारी बाई आणि काठी उचलणारा जमाव एक नाहीत, हे मलाही कळतं, आणि ती बाई माझ्या आदराला पात्र आहे. पण दोन्हीकडे एक जागा रिकामी होती. आलेली बातमी खरी मानण्याआधी ‘हे खोटं असेल तर मला कशावरून कळेल?’ असं विचारणारं कुणी तिथे नव्हतं. राईनपाड्यात त्या पाच जणांकडे असलेली कागदपत्रं बघायला किंवा मंगळवेढ्याला एक फोन करायला पाच मिनिटंही लागली नसती. दूध ओघळून जातं तेव्हा ही रिकामी जागा हसण्यावारी जाते. माणसं मरतात तेव्हा आपण ‘कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न’ म्हणून ती पोलिसांकडे सोपवतो. मला ती शाळेची जागा वाटते.

लोक बदलतात का, यावर शंका घेणाऱ्यांना मी त्याच वर्षातली दुसरी तारीख सांगतो. २४ ऑक्टोबर १९९५. दूध पिण्याच्या दिवसानंतर महिना-सव्वा महिन्याने, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, खग्रास सूर्यग्रहण. राजस्थानातल्या नीमकाथान्यापासून बंगालमधल्या डायमंड हार्बरपर्यंत खग्रास पट्टा, आपल्याकडे खंडग्रास. पंधरा वर्षांपूर्वी, १६ फेब्रुवारी १९८०च्या ग्रहणाला रस्ते ओस पडले होते, लोक दारं-खिडक्या लावून बसले होते. १९९५लाही पुष्कळांनी पाणी टाकून दिलं, अंघोळी केल्या, गरोदर बायकांना घरात कोंडलं. पण या वेळी गच्च्यांवर, मैदानांवर, शाळांच्या आवारात मुलं डोळ्यांना खास चष्मे लावून सूर्याकडे बघत होती. त्यांच्या मागे आई-वडील होते, आणि बऱ्याच ठिकाणी आजी-आजोबाही. ज्यांनी सप्टेंबरात चमचा धरला होता त्यातल्याच कित्येकांनी ऑक्टोबरात चष्मा धरला असणार.

असं का घडलं? कारण ग्रहणाची तारीख आधीपासून ठाऊक होती आणि विज्ञान प्रसाराचं काम करणाऱ्यांनी कित्येक महिने आधीपासून तयारी केली होती. चष्मे वाटले, शिक्षकांना शिकवलं, वर्तमानपत्रांतून लिहिलं, ग्रहण कसं बघायचं ते सांगितलं. ‘ग्रहण पाळू नका’ असा उपदेश करण्यापेक्षा ‘हे घ्या, या काचेतून बघा’ असं म्हणण्यावर भर होता. लोकांच्या हातात साधन दिलं की लोक बघतात. गणपतीच्या दुधाच्या दिवशी तशी तयारी असणं शक्य नव्हतं, कारण अफवा तारीख सांगून येत नाही. तिच्यासाठीची तयारी आधीच, लहानपणीच, हाताला झालेली असावी लागते.

इथे कुणी म्हणेल, महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला की. केला, आणि त्यासाठी एका माणसाने जीव दिला. डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं या कायद्यासाठी झटले. आमचा विरोध देवाला आणि धर्माला नाही, त्यांच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला आहे, हे ते न थकता सांगत राहिले. २० ऑगस्ट २०१३ला सकाळी पुण्यात पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. नरबळी, अघोरी प्रथा, चमत्काराच्या नावाने लुबाडणूक यांना त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तो हवाच होता. पण नीट पाहिलं तर २१ सप्टेंबर १९९५ला या कायद्याखाली पकडण्यासारखं कुणीच नव्हतं. कुणी पैसे घेतले नाहीत, कुणी कुणाला धमकावलं नाही, कुणी बाबा नव्हता. कायदा भोंदूला धरू शकतो. जिथे भोंदूच नाही आणि प्रत्येक घर स्वतःच स्वतःची फसगत करून घेतंय, तिथे कायदा काय करणार?

राज्यघटनेने हे काम नागरिकावर सोपवलं आहे. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्यं आली, त्यात कलम ५१क मध्ये विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन आणि शोधकबुद्धी वाढवणं हे प्रत्येकाचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. पाठ्यपुस्तकात ते छापलेलं असतं, मुलं पाठ करतात, नागरिकशास्त्राच्या पेपरात एक गुण मिळवतात. पृष्ठताण आणि केशाकर्षण (बारीक फटींतून द्रव आपोआप वर चढणं) यांचंही तेच. व्याख्या लिहा, आकृती काढा, दोन उदाहरणं द्या. १९९५च्या रांगेत उभ्या असलेल्यांपैकी कितीतरी जणांनी या व्याख्या लिहून गुण मिळवले होते, पदव्या घेतल्या होत्या. इंजिनिअर होते, डॉक्टर होते, विज्ञानाचे शिक्षकसुद्धा होते. दिव्याची वात तेल वर खेचते हे उदाहरण त्यांना पाठ होतं. ती वात ज्या समईत जळत होती तिच्याशेजारीच त्यांनी दूध पाजलं आणि दोन गोष्टींचा संबंध लागला नाही. हा दोष त्यांच्या बुद्धीचा नाही, शिकवण्याचा आहे. आपल्या प्रयोगशाळेत प्रयोगाचं उत्तर आधीच वहीत लिहिलेलं असतं आणि मुलाने तेच काढून दाखवायचं असतं. उत्तर माहीत नसलेला प्रश्न मुलापुढे कधी येतच नाही.

माझी मागणी छोटी आहे. बालभारतीने नववीच्या विज्ञानात गणपतीच्या दुधाचा प्रयोग घ्यावा, आणि नाव न बदलता, आडपडदा न ठेवता घ्यावा. लागणारं साहित्य: वाटीभर दूध, खायचा रंग, चमचा, एक छोटी मूर्ती, नळाची तोटी, पेपरवेट, बत्ता. मुलांनी आधी वहीत लिहायचं, काय काय दूध पिईल आणि काय पिणार नाही, आणि का. मग सगळ्यांना पाजून पाहायचं, आधी पांढरं, मग रंगीत. कोरडी मूर्ती आणि ओली मूर्ती यांत काय फरक पडतो ते बघायचं. चमचा हाताने न धरता पुस्तकांच्या चळतीवर टेकवून ठेवला तर काय होतं, तेही. आणि शेवटी एक प्रश्न: कोणता निकाल आला असता तर तुम्ही तुमचं मत बदललं असतं? या प्रश्नाला गुण द्यावेत, आणि उत्तर बरोबर की चूक यापेक्षा मुलाने विचार केला आहे का, यावर द्यावेत. श्रद्धाळू घरातल्या मुलाला या प्रयोगात खाली मान घालायची वेळ येणार नाही, कारण त्याच्या देवाबद्दल इथे काहीच ठरत नाही. ठरतं ते दुधाबद्दल.

हा प्रयोग घेणाऱ्या शिक्षकाला मात्र पाठबळ लागेल, आणि हे मी हवेत बोलत नाही. मार्च २०१२मध्ये मुंबईत विलेपार्ल्याजवळ इर्ल्याच्या चर्चपाशी क्रुसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. लोक ते पवित्र म्हणून नेऊ लागले. विवेकवादी कार्यकर्ते सनल इडमरुकू यांनी जाऊन पाहिलं आणि सांगितलं की जवळच्या तुंबलेल्या सांडपाण्याचं पाणी भिंतीतून केशाकर्षणाने वर चढतं आहे. म्हणजे तोच नववीचा धडा. त्यावर दूरचित्रवाणीवर वाद झाला, धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी दाखल झाल्या, अटकेची वेळ आली आणि ते फिनलंडला निघून गेले. ज्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं त्यांची ही गत, तर तालुक्याच्या शाळेत एकट्याने विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी कोणाच्या भरवशावर गणपतीची मूर्ती वर्गात आणायची? एखाद्या पालकाने आरडाओरडा केला तर मुख्याध्यापक हात वर करणार, संस्थेचे चालक बदलीची भाषा करणार. त्यामुळे पाठ्यपुस्तकातल्या त्या पानाबरोबर शिक्षण खात्याचं स्पष्ट लेखी परिपत्रकही निघायला हवं. हा प्रयोग अभ्यासक्रमाचा भाग आहे, तो घेणं शिक्षकाचं काम आहे, त्याबद्दल तक्रार आली तर उत्तर शिक्षकाने नव्हे, खात्याने द्यायचं आहे, हे त्यात सहीशिक्क्यानिशी लिहिलेलं असावं आणि त्याची प्रत प्रत्येक शाळेच्या सूचनाफलकावर लागावी.